गळ्यापर्यंत भरलेली बाटली

वन्सं,

सादर नमस्कार. गुडघे कसे आहेत? जिना सावकाश चढता ना, की अजून शेजारणीच्या आधी पोचायचं असतं? मी ठीक आहे. बोट कापलंय, त्याचं कारण पुढे येईल.

गेल्या खेपेला तुम्ही यांनी भरलेली शेवटची बाटली मागितलीत आणि मी तोंडावर नाही म्हटलं, आठवतं? (विसरला असाल तर पत्र इथेच मिटा.) जन्मभर पाण्याचे नमुने तपासून यांना घरीही तीच सवय. दर रविवारी नळाचं पाणी काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरायचं आणि चिठ्ठी चिकटवायची : तारीख, 'नळ : घरचा', खाली सही. आपल्या घरात शेजाऱ्यांचा नळ कुठून येणार, असं मी म्हटलं की उत्तर ठरलेलं, "नमुना तो नमुना."

तर, हे गेल्यापासून मी वाचनालयात जाऊन बसते. तिथे पाण्यावरचं एक जाडजूड पुस्तक हाती लागलं आणि तुमची भावजय अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाली. पृथ्वीवरचं पाणी तेच ते असतं, वर जातं, खाली येतं, पुन्हा आपल्याच पेल्यात येतं, हे मी दूधवाल्यालाही ऐकवलं. तो म्हणाला, "बाई, माझ्या दुधात नाही येत हं!" (मी काही म्हटलंही नव्हतं.) ग्रंथपालबाईंनी शनिवारी चार शब्द बोलाल का विचारलं, तर त्यांचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हणून मोकळी.

गोठताना पाणी फुगतं, म्हणून बर्फ तरंगतो, म्हणून तळं वरून गोठलं तरी खाली मासे जगतात. हे दाखवायला आदल्या दिवशी एक बाटली बर्फाच्या कप्प्यात ठेवली. चष्मा न लावता. ओट्यावर मी भरलेली वेगळी होती, हाताला लागली ती तिच्या मागची. शनिवारी ती तशीच टॉवेलात गुंडाळून नेली आणि सतरा बायकांसमोर टॉवेल उलगडला, तर काच तडकलेली, आत बाटलीच्या आकाराचा बर्फ आणि काचेवर यांचं अक्षर. मी तो बर्फ काचेसकट घट्ट धरला (बोट तेव्हाच कापलं), "मासे जगतात" एवढंच म्हटलं आणि हुंदका फुटला. वन्सं, टाळ्या पडल्या! पुढच्या रांगेतल्या निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "माशांबद्दल केवढी कळकळ!" मी डोळे पुसेपर्यंत ग्रंथपालबाईंनी काचा वेचून बर्फ खिडकीतल्या कुंडीत ठेवलासुद्धा. पाणी वाया जाऊ नये, हे मीच पाच मिनिटांपूर्वी सांगितलं होतं.

तुम्हाला दिली असती तर आज ती धड असती. रागवा, पण पत्राने रागवा, फोनवर मला रडू येतं.

तुमची,
शहाणी भावजय

ता. क. : चिठ्ठी सोडवून वाळवली आहे. सही जरा पसरली, पण ओळखू येते. ती तुमची. पोस्टाने पाठवणार नाही.

आणखी एक : कुंडीतलं झाड मान टाकून बसलंय. मुळं गारठली म्हणतात. पुस्तकात हे पुढच्या पानावर होतं.

आणि शेवटचं : बाटली जिवापाड जपत होते म्हणून दिली नाही, हे अर्धंच खरं. ती घेऊन गेलात की तुम्हाला या घरी यायला कारण उरणार नाही, अशी भीती वाटली. आता चिठ्ठी न्यायला या. रविवारी या. बाटल्या रिकाम्या पडल्यात आणि नळ घरचाच आहे.