देवाक इचारून सांगतंय

बुधवार, १० सप्टेंबर

इतिहासात नोंद असावी म्हणून लिहून ठेवते. गिरगावातल्या या भाड्याच्या खोलीची बेल दाबली की आरती वाजते. अख्खी. बेचाळीस सेकंद! मध्ये थांबत नाही, आवाज कमी होत नाही, आणि कराराच्या कलम अकरानुसार 'विद्यमान विद्युत उपकरणांत बदल' करायला भाडेकरूला सक्त मनाई. आज कुरिअरवाला आला तो चपला काढून, डोळे मिटून उभा. मग मीही हात जोडले. दोघं आरती संपायची वाट बघत. पार्सलात काय, तर झुरळांचं औषध.

वय वर्षं बावन्न. विमा कंपनीत सत्तावीस वर्षं नोकरी, शिवाय दिवाळी अंकांतून जगाची टिंगल करते ती वेगळी. आणि स्वतःच्या दारावर काय वाजावं हे ठरवायचा अधिकार नाही.

बँकेचं पत्र आलं आज. कर्ज मंजूर. पत्राची मुदत एकतीस डिसेंबर. या खोलीचा करारही एकतीस डिसेंबरलाच संपतो. जानेवारीत मी त्रेपन्न, आणि त्रेपन्न झाल्यावर बँक सात लाख कमी देते – विचारून घेतलंय.

म्हणजे साडेतीन महिने. घर घेणार. बस्स!

शुक्रवार, १२ सप्टेंबर

लालबागचा एजंट, आनंदा नाव. म्हणाला, "ताई, पितृपक्षात कोण घर बघतं? पार्ट्या फोनपण उचलत नाहीत."

म्हटलं, म्हणूनच. सगळी मुंबई पंधरा दिवस कावळ्यांमागे असताना भाव पाडून मागायला याहून चांगला मुहूर्त नाही. माझे पितर आयुष्यभर भाडं भरत आले, ते कशाला आडवे येतील?

रविवार, १४ सप्टेंबर

पाहिलं. लालबाग, मार्केटच्या मागे, सातवा मजला. तीनशे पाच फूट. जुनी चाळ पाडून बांधलेली बिल्डिंग. खोली, स्वयंपाकघर, आणि मोरीला दार! मी ते दार तीनदा उघडून बंद केलं.

मालकीण शेवंतीबाई सावंत. पंचाहत्तरीच्या. मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता, गेला. मुलगा राहुल बदलापूरला असतो, तो आईला तिकडे नेतोय, म्हणून विकायचं. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"घोव खंय?"

"नाही."

"गेलो?"

"आलाच नाही."

हसल्या नाहीत. "बस," म्हणाल्या.

मागणी एक कोटी बारा. मी अठ्ठ्याण्णव म्हटलं. आनंदाचा घोट घशात अडकला. त्याच वेळी खालच्या मसाल्याच्या कांडपाचा वास खिडकीतून आत आला आणि मी शिंकले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. म्हटलं, "बाई, हा वास रोज आहे ना? तिन्ही शिंकांचे मिळून चार लाख कमी करा."

"मगे शिंकू नको," बाई म्हणाल्या. "नाक बंद कर नायतर खिडकी. भाव थयच ऱ्हवतलो."

एकशे बारावर ठाम. मी अठ्ठ्याण्णववर ठाम. चहा मात्र दुसऱ्यांदा आला.

शनिवार, २० सप्टेंबर

दुसरी फेरी. या वेळी आनंदाला खाली उभा केला. सगळं धरून माझ्याकडे एक कोटी चार आहेत – पीएफ, ठेवी, आईच्या बांगड्या, बँक. स्टॅम्प ड्युटी बाजूला काढून. त्याच्या वर चहाचे पैसेसुद्धा नाहीत. पण हे समोरच्याला कळू द्यायचं नसतं म्हणे.

मी शंभरवर आले. बाई एकशे आठवर. मी एकशे दोन. बाई तांदूळ निवडत राहिल्या. वीस मिनिटं! शेवटी माझाच धीर सुटला. खरं ते सांगून टाकलं – एकशे चार, बाई, आणि खिसे उलटे करून दाखवायला तयार आहे.

"पयल्यांदाच सांगूक काय झालेला?" बाई म्हणाल्या. "बरा. एक कोटी चार."

मी टोकनचा चेक काढला. त्यांनी तो दोन बोटांनी माझ्याकडे परत सरकवला.

"माझो शब्द इलो. पण देवाक इचारल्याशिवाय मी सही करूचंय नाय. देवाक इचारून सांगतंय."

कुठला देव? गावचा. म्हणजे आता वकील, बँक, सोसायटी, आणि वर सिंधुदुर्ग जिल्ह्यातला एक देव. त्याची एनओसी!

आनंदाने जिन्यात समजावलं. मूर्तीच्या दोन्ही अंगांना भिजवलेल्या पाकळ्या चिकटवतात. गुरव गाऱ्हाणं घालतो. बाकीचे 'होय महाराजा' म्हणतात. मग बघत बसायचं. उजवी पाकळी आधी पडली तर देव हो म्हणाला. डावी पडली तर नाही. याला कौल म्हणतात.

"आणि नाही म्हणाला तर?"

"तर विषय संपला, ताई. आमच्याकडे कोर्टाच्या वर असतं ते."

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

दसरा गेला. राहुलला रजा नाही. देव तिकडे, भक्त इकडे, मी मध्ये.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

फराळाचा डबा घेऊन गेले. लाच नव्हे. (लाचच.) बाईंनी चकली मोडून पाहिली आणि म्हणाल्या, "इकतची." विकतचीच होती.

गावी कधी जाणार विचारलं. दिवाळीत गाड्यांना जागा नाही म्हणे. मी जरा तापलेच. म्हटलं, "बाई, माझी बँक तुमच्या देवासाठी थांबणार नाही. माझं घर एकतीस डिसेंबरला सुटतंय."

"कितवां ह्या?"

"काय कितवं?"

"घर गो."

मोजलं. एकवीस वर्षांत चौदा. खेतवाडी, ठाकूरद्वार, माहीम, परत गिरगाव. अकरा, फार तर बावीस महिने झाले की सामान खोक्यात. टिंगलीच्या सुरात सांगितलं, मला तोच सूर येतो. बाई हसल्या नाहीत. चकलीचा तुकडा डब्यात परत ठेवला.

मग म्हणाल्या – ही बिल्डिंग उभी राहायला नऊ वर्षं लागली. तेवढी वर्षं चाळीतल्या सगळ्यांनी बाहेर भाड्याने काढली. कधी काळाचौकी, कधी नालासोपारा. "म्हातारो भाड्याच्याच घरात गेलो. तेका सातवो माळो दिसलोच नाय."

"चहा करू का?" एवढंच बोलले. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात!

गुरुवार, ६ नोव्हेंबर

बाई आणि राहुलने गावची तिकिटं काढली होती. आज आनंदाचा फोन – गुरवाच्या घरात कुणी वारलं. त्याला सुतक. बारा दिवस गाऱ्हाणं बंद.

मृतात्म्यास शांती लाभो. आणि मला?

शनिवार, १५ नोव्हेंबर

आनंदा ऑफिसच्या खाली येऊन उभा. चेहरा पाडून. दुसरं एक गिऱ्हाईक आलंय, दागिन्यांच्या दुकानाचा मालक. एक कोटी दहा. रोख तयार, कर्ज नाही, बँक नाही. राहायचंही नाही, नुसतं कुलूप लावून ठेवणार. राहुलला पसंत आहे. "ताई, तुम्ही सहा वाढवा, मी दाबतो त्याला."

"एक पैसा वाढणार नाही."

"अहो, पण..."

"आनंदा, वाढवायला असते तर वाढवले नसते. आता तर नाहीतच!"

त्याला हे तर्कशास्त्र कळलं नाही. मलाही नाही. पण बोलून बरं वाटलं.

संध्याकाळी माधवदादाचा फोन. माझा थोरला भाऊ, दादरच्या आमच्या घरात राहतो. त्या घरावरचा हक्क मी नऊ वर्षांपूर्वी सोडला – त्यानेच कागद पुढे केला होता, पेनसुद्धा त्याचंच. कुठून कळलं कोण जाणे. "सुमे, एकट्या बाईला कशाला हवंय हे लचांड? बदलापूर बघ. नाहीतर आमच्या हॉलमध्ये ये, दिवाण रिकामा असतो." आणि वर, "सहा लाख कमी पडतायत असं ऐकलं. मी देतो. घर जोड नावावर करू."

मोठा दयाळू! सहा लाखांत निम्मं लालबाग.

म्हटलं, "दादा, एक कागद दिला तुला. त्याची झेरॉक्स मिळणार नाही." फोन ठेवला.

रविवार, १६ नोव्हेंबर

वाढवणार नाही. मागणारही नाही. गेलं तर गेलं.

(जाऊ नये.)

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

बाई आणि राहुल गावी पोचले. उद्या सकाळी कौल. आनंदाने सांगितलं, दोन्ही नावं देवापुढे ठेवणार. माझं आणि त्या सोनेवाल्याचं.

मी देव मानत नाही. आजोबांपासून कुणी मानला नाही आमच्यात. बाबा तर नास्तिकपणाही इतक्या निष्ठेने पाळायचे की गुरुवारीसुद्धा सूट नाही. तर उद्या एका ओल्या पाकळीवर माझी म्हातारपणाची सोय लटकणार आहे. याच्यावर लेख लिहायला हवा. सुचत नाहीये.

ऑफिसात आज तीन पॉलिसींवर चुकीची जन्मतारीख टाकली. तिन्हींवर माझी.

शनिवार, २९ नोव्हेंबर

उजवा!

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. बाईंचा स्वतःचा फोन. मागे कोंबडा ओरडत होता. "गो सुमेधा, देवान उजवो कौल दिल्यान. तुझ्याच नावान. कागद तयार कर." आणि कट्. आभार मानायला जागाच ठेवली नाही.

देव नसेलही, पण निर्णयशक्ती वाखाणण्यासारखी आहे. रोख दहावाल्याला सोडून कर्जाऊ चारवाली निवडायची म्हणजे धमक लागते. आनंदा म्हणतो, "ताई, राहुलभाऊचं तोंड बघा परत आल्यावर." कशाला बघू? देवाचा निकाल आहे. अपील नाही!

बुधवार, १७ डिसेंबर

नोंदणी झाली. यंत्रावर माझा अंगठा पहिल्या फटक्यात उमटला. बाईंचा उमटेना. पुसला, पुन्हा ठेवला, दुसऱ्या हाताचा ठेवला. तीस वर्षं गिरणीवाल्यांची खानावळ चालवली होती, भाकऱ्या थापून थापून रेषाच गेलेल्या. शेवटी करंगळीपर्यंत मजल गेली तेव्हा यंत्राने मान्य केलं की ही बाई अस्तित्वात आहे.

"इतकी वर्सां जगलंय ता कोणाक खरा वाटना नाय," बाई म्हणाल्या. सगळं ऑफिस हसलं. राहुल नाही हसला. तो कागदांकडे बघत होता.

बाहेर आल्यावर बाईंनी किल्ली दिली. नुसती. फुलं नाहीत, भाषण नाही.

मी जिंकले! पितृपक्षात भाव केला, ठरल्यावर एक पैसा वाढवला नाही, भावापुढे हात पसरला नाही, एकतीस डिसेंबरच्या आत. बावन्न वर्षांची, एकटी, एक कोटी चार. कुणाची मेहेरबानी नाही. हे मोठ्या अक्षरात लिहावं तर वहीच्या रेघा लहान आहेत.

शनिवार, २७ डिसेंबर

गॅसचं पुस्तक द्यायला राहुल नव्या घरी आला. उद्या जत्रेला गावी निघतोय. चहा प्यायला, पाण्याची वेळ समजावली, आणि दारात थांबला.

"मावशी, आईला सांगू नका. तुमच्या नावाला डावा पडला होता."

मला आधी कळलंच नाही.

"गुरवाने परत घातलं गाऱ्हाणं. परत डावा. त्या सोनेवाल्याला पहिल्या झटक्यात उजवा. मी म्हटलं, आई, सहा लाख जास्त आणि देवपण हो म्हणतोय, झालं. तर ती पुढे झाली आणि देवाला म्हणाली, 'तू कधी भाड्यान ऱ्हवलंस?' मग देवळाच्या पायरीवर बसून तुम्हाला फोन लावला."

राहुलने पायात चपला सरकवल्या. आईने बजावलंय, म्हणाला, 'दंडाचो नारळ आणि केळ्यांची जोडी देवापुढे ठेवून ये, मी खोटा बोललंय.' वाटेत घ्यायचाय.

त्याला थांबवलं. खाली मार्केटमध्ये गेले. नारळ कानाशी हलवून घेतला, पाणी असलेला. जोडीची केळी. सगळं त्याच्या पिशवीत ठेवलं, वरून टॉवेल घातला.

"आईच्या नावाने ठेवू ना?"

मी माझं नाव सांगितलं. आडनावासकट.