पऱ्हाटीत गेला की औट

उंद्री,
९ नोव्हेंबर २०२५

चि. शिवमले ताईचा आशीर्वाद. आधी आशीर्वाद घे, शिव्या पुढं आहेत.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. कागदाले कोणी कट करत नाही. मी अमडापूरहून माहेरी आली आहे. इथं सारे खुशाल. बाबाचा गुडघा कुरकुर करते, पण पारावर गप्पा मारायला बरोबर पोचतात. आईचं लोणचं या वर्षी खारट झालं, तिले सांगू नको. तू बसनं पाठवलेलं सामान पोचलं. त्याचं मग लिहिते.

आज विमलकाकूच्या वावरात सीतादही झाली. कापूस वेचायच्या आधी पऱ्हाटीची पूजा, दहीभाताचा नैवेद्य, सारं नेहमीसारखं. धुऱ्याच्या बांधावर बसून दहीभात खाताना समोर आपली ती खेळायची पडीत जागा दिसली, अन् मले एकदम तूच दिसला. चड्डी घसरून राह्यली, एक हात चड्डीले, एक हात बॅटीले.

आपला चेंडू काकूच्या पऱ्हाटीत उडाला की सारे पोट्टे आत घुसायचे, अन् फुलं-बोंडं खाली. शेवटी एक दिवस काकू इळा घेऊनच उभी राह्यली. "खेळा, पोट्टेहो. पण पऱ्हाटीत चेंडू उडाला की मारणारा औट. अन् चेंडू माहा!" झाला नेम. चेंडू टाकणारी मी, अंपायरही मीच. बाकीचे हौसेनं उडवायचे अन् औट व्हायचे. तू मात्र मान खाली घालून असा मारायचा की चेंडू जमीन सोडायचाच नाही, सरळ धुऱ्याले जाऊन लागायचा. धुऱ्याले लागला की चौका. तुले औट करता करता माहा खांदा निखळायची पाळी यायची, अन् तू मेला दात काढायचा.

नागपूरले पहिल्या निवडीत सरांनी विचारलं होतं ना, "चेंडू इतका खाली ठेवायला कुठं शिकला रे?" अन् तू म्हणाला, "काकूच्या भेवानं." अजूनही आठवलं की मी एकटीच हसते.

अन् रणजीतलं तुह्यं पहिलं शतक! बाबा मोबाईल घेऊन गच्चीवर, कारण रेंज तिथंच येते. खाली अर्धं गाव. बाबा वरून धावा ओरडून सांगत, अन् काकूचं खालून एकच चाललं होतं, "उडवला का त्यानं एखादा?" शतक झालं तरी तेच. "नाही वो काकू, एकही नाही." तवा कुठं तिचा जीव भांड्यात पडला. "मंग माहाच चेला," म्हणे, अन् गूळ वाटला. दुसऱ्या दिवशी बाबा खामगावले कापूस घेऊन गेले, तर अडत्यानं भावाच्या आधी चहा विचारला. ते दिवस काही और होते, शिवम.

बरं, किती टाळू? तुही बॅग.

तुह्या खोलीतल्या कुलदीपनं फोन केला होता. संघातून नाव गेलं, आता उंच मारणारे पाहिजेत, शिवम षटकार मारत नाही म्हणे. अन् शिवम बॅग बसनं पाठवून राह्यला, गावात कोणालेही देऊन टाका म्हणते. नाव गेल्याचं वाईट वाटलं. पण बॅट अशी बसमध्ये एकटी पाठवून देशील, असं वाटलं नव्हतं रे. मी मोरीत जाऊन रडली. मग राग आला, लय राग आला.

आईले यातलं काहीच सांगितलं नव्हतं, फक्त बाबाले. तिनं बॅग उघडली, मळके कपडे दिसले, धुवायले काढले. चांगली नीळ घालून तुह्ये पांढरे शर्ट, पँटी, पॅडसुद्धा अंगणातल्या तारेवर वाळत घातले. रस्त्यानं जाणाऱ्यांनी पाहिलं, अन् गावभर बोभाटा, शिवम आला! लोक भेटायले येऊन राह्यले. भगवंतराव तर नारळ घेऊन आले. आई दारात हसून सांगते, "कपडे आले, पोरगा मागून येते." अन् बाबा आत भिंतीकडं तोंड करून पडलेले.

काकूही काठी टेकत आली. तिच्याशी खोटं बोलवेना, सारं सांगितलं. ती ओट्यावर टेकली. मग म्हणे, "माय वो! म्हणजे माह्या पऱ्हाटीपायी पोराचं नुकसान झालं?"

मी म्हणलं, "काकू, तुह्या पऱ्हाटीपायीच तर तो तिथवर गेला." पण ते तिच्या गळी उतरलं नाही. त्या दिवशी ती जेवली नाही.

आज पूजा झाल्यावर तिनं वेचणाऱ्या बायांना सांगितलं, "धुऱ्याकडच्या ओळी पहिले वेचून घ्या. मंग तिकडं कोणी फिरकू नका." अन् मले म्हणे, "लिही त्याले. नेम म्या केला, म्याच मोडतो. ये म्हणा अन् उडव माह्या पऱ्हाटीत, पाहिजे तितकं उंच. झाडं मोडली तं मोडली. चेंडूही परत देतो." अरे, त्या झाडांवर अजून कच्ची बोंडं लागून आहेत! एका फुलासाठी इळा घेऊन धावणारी बाई हे बोलली.

शिवम, खेळणं सोडायचं तर सोड. बाबा बोलणार नाहीत, मीही नाही. पण एकदा ये. मान वर करून मारून पाहा. जमलं तर जमलं. नाहीच जमलं, तर बॅग ज्याले द्यायची त्याले तुह्या हातानं दे. तोवर ती दारामागं आहे, मी कोणाले हात लावू देत नाही. कपडे घडी करून ठेवले. नीळ जरा जास्तच झाली, तेवढं चालवून घे.

चेंडू मीच टाकीन. खांदा दुखते, तरी टाकीन.

अन् पऱ्हाटीत गेला तरी औट देणार नाही.

तुही अंपायर,
पुष्पांजली