चारशेच्या पुढे कोणी जिवंत नसतं

४ नोव्हेंबर

चि. बारक्यास,
अ. आ.

तुझी चार ओळींची चिठ्ठी मिळाली. चार ओळी लिहायला तुला तीन आठवडे लागले, तेव्हा तुझं ते यंत्र तुझ्यापेक्षा चपळ असणार यात शंका नाही. इकडे सगळे ठीक. मुलीचा पुढचा दात पडला. तो मामाला पाठवायचा म्हणून तिने काड्यापेटीत ठेवलाय. मी पाठवणार नाही.

यंत्र बसवून तू गेलास त्याला महिना झाला. खाणीत सगळे त्याला जावई म्हणतात. गार खोलीत बसायचं आणि बाकीच्यांनी मर्जी सांभाळायची. हे म्हणाले की खरा जावई कोळशाची धूळ खात खाली आणि हा वर, असा न्याय आहे. त्यावर बाबासुद्धा हसले. ते वर्षातून किती वेळा हसतात ते तुला माहीतच आहे.

बाबा सकाळी दहाला डबा घेऊन कंट्रोल रूममध्ये जातात ते पाचला येतात. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण पुन्हा नोकरी लागल्यासारखे खुशीत आहेत. कुठल्या बोगद्यात वायू कसा साठतो, पंखा कधी उलटा फिरवायचा, सगळं त्या यंत्राला सांगतात. घरी आले की तोंडाला कुलूप. आई गेल्यापासून आपल्या दोघांशी मिळून जेवढं बोलले नसतील तेवढं त्या पेटीशी बोलून झालं असेल. मला राग येतो, खोटं कशाला सांगू.

काळजीची गोष्ट वेगळीच आहे. आग लागली तर खालची लोखंडी दारं आता यंत्रच लावणार, वरच्या माणसाच्या हातात किल्ली राहणार नाही, असं ऐकलं. खाली उतरणाऱ्यांना ते पटलेलं नाही. दारापलीकडे माणसं राहिली आणि त्यांनी खालून फोन केला तर यंत्र त्यांचं ऐकणार का, एवढं ह्यांना तुला विचारायचं आहे. हसण्यावारी नेऊ नकोस, नीट लिही.

जेवणाची आबाळ करू नकोस. आमच्यावर जीव आहे तसाच राहू दे.
तुझी,
ताई

१९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दात न पाठवल्याबद्दल भाचीचा आणि माझा दोघांचाही निषेध.

भावोजींना सांग, अगदी निर्धास्त राहा. यंत्र म्हणजे दुसरे बाबाच. फरक इतकाच की ते झोपत नाही आणि कुणाशी अबोला धरत नाही. दारापलीकडे जिवंत माणूस आहे असं कळलं तर ते दार लावणार नाही. हा पहिला नियम मी माझ्या हाताने घातलाय.

आणि यंत्र चिकित्सक तरी किती! सव्वीस वर्षांपूर्वीची आग तुला आठवत असेल, तू बारा वर्षांची होतीस. बाबांनी दार लावलं, आत सहा जण गेले, पण एकशे चाळीस वाचले. विषारी वायूचा आकडा चारशेच्या पुढे गेला की आत कोणी जिवंत नसतं, असं बाबांनी तेव्हा चौकशीत सांगितलं होतं. तेच त्यांनी यंत्रालाही शिकवलं. पण या पठ्ठ्याने जुन्या टेलिफोनची नोंद उकरून काढली. दार लागल्यावर आतून पस्तीस मिनिटं फोन वाजत होता. कोणी जिवंत नव्हतं तर फोन कोण करत होतं, असं त्याने मला विचारलं. एकदा नाही, तीनदा.

शेवटी मी बाबांना फोन लावला. ते म्हणाले की जळलेल्या केबलमुळे घंटी वाजत होती, तसंच लिहून टाक. मी नोंद पाहिली तर घंटी थांबून थांबून वाजलेली, कोणी दमून पुन्हा सुरू करावं तशी. मोठी नाटकी केबल म्हणायची! पण यंत्र सुरू करायची तारीख तोंडावर आणि साहेब मानगुटीवर. मी भरून टाकलं की चारशेच्या पुढे फोन वाजला तर तो केबलमधला बिघाड समजावा. तेव्हा कुठे ते गप्प बसलं.

बाबांनी आणखी एक गोष्ट घालायला लावली. अडकलेल्यांच्या नातेवाइकांचं दाराबाबत ऐकायचं नाही, ते रडून भलतंच करायला लावतात. थोडक्यात, बाबांचा स्वभावही आला.

भावोजींना नमस्कार. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा,
बारक्या

२ डिसेंबर

चि. बारक्यास,
अ. आ.

तुझं पत्र अगदी वेळेवर आलं. किल्ली माणसाच्या हातात येईपर्यंत खाली उतरायचं नाही, असं ह्यांच्या पाळीतल्या लोकांनी जवळजवळ ठरवलंच होतं. रविवारी सहाजण आमच्याकडे जमले होते. मी तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. नाटकी केबलपाशी सगळे खो खो हसले, मीही हसले. ह्यांनी म्हटलं की खुद्द मेहुण्याने लिहून दिलंय, आता कशाला ताणायचं. सोमवारी सगळे खाली गेले.

एक तेवढा हसला नाही, बोगद्यात टेकू लावणारा म्हातारा. त्याचा भाऊ जुन्या आगीत गेलेल्या त्या सहांत होता म्हणे. चहा न पिताच उठून गेला. बाबा आतल्या खोलीत होते, सगळं ऐकू येत असूनही बाहेर आले नाहीत. मला वाटलं, भिडस्त स्वभाव, कौतुक सहन होत नाही.

मुलगी तुझी आठवण काढते. सवड काढून ये, माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
ताई

२१ एप्रिल

बारक्या,

त्या दिवशी तू साहेबांच्या घोळक्यात आलास आणि घोळक्यातच परत गेलास. बोलणं झालं नाही, म्हणून लिहिते.

नऊ तारखेला सकाळी पावणेबाराला कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्याला आग लागली. सगळे बाहेर पडले, चौघे राहिले. ते बाजूच्या बोगद्यात हवेच्या नळापाशी होते, तिथली हवा बरी होती. पण मुख्य बोगद्यातला आकडा चारशे दहा झाला आणि यंत्राने दार लावलं. लगेच आतला फोन वाजायला लागला. ऑपरेटरने उचलायला हात घातला तर यंत्राने बोलण्याची लाइन तोडलेली. केबलमधला बिघाड आहे, असं त्याने सांगितलं. घंटी मात्र वाजत राहिली.

बाबा तिथेच होते. त्यांनी दार उघडायला सांगितलं. चारशेच्या पुढे आत कोणी जिवंत नसतं, असं यंत्राने शांतपणे उत्तर दिलं. वाक्य बाबांचं, मध्ये थांबायची लकबही बाबांचीच. खाणीचा भोंगा ऐकून मी पोचले तेव्हा बाबा यंत्राच्या फळ्यावरच्या काचेवर मुठी आपटत होते. आठ माणसांसमोर ओरडून सांगत होते की हे खोटं आहे, तेव्हाचे सहाही जिवंत होते, मी फोन उचलून त्यांचा आवाज ऐकला होता. यंत्राने ते ऐकून घेतलं आणि सांगितलं की बोलणारा अडकलेल्या माणसाचा सासरा आहे, त्याचं म्हणणं धरता येत नाही. तुला फोन लावला. तू तिकडून हुकूम दिलास, तर तूही मेहुणा निघालास. तू प्रयत्न केलास हे मी नाकारत नाही.

शेवटी वायरमनने कुऱ्हाडीने यंत्राची वीज तोडली आणि दार वर घेतलं. तोपर्यंत त्रेचाळीस मिनिटं झाली होती. घंटी अडतिसाव्या मिनिटाला थांबली होती. मी फळ्यावरच्या घड्याळाकडे बघत उभी होते, म्हणून सांगू शकते. चौघेही फोनपाशी सापडले. हे सर्वांत पुढे होते. दहा मिनिटं आधी उघडलं असतं तर, असं डॉक्टर काहीतरी म्हणायला लागले. मी त्यांना गप्प राहायला सांगितलं.

घरी येऊन तुझं नोव्हेंबरचं पत्र काढलं. त्या यंत्राने बरोबर तेच विचारलं होतं रे. तीनदा विचारलं होतं. बाबांना लाज राखायची होती आणि तुला तारीख गाठायची होती. दोघांनी मिळून त्याला खोटं पढवलंत आणि ते बिचारं प्रामाणिकपणे खोटं वागलं.

चौकशी बसते आहे. तू काय सांगणार आहेस ते मला आधी कळव.
ताई

३० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काय लिहू? झोप उडाली आहे. पण मी खोटं बोललो नाही ग. विचारलं, जे उत्तर मिळालं ते भरलं. बाबांचा शब्द मी कधी तपासला होता का?

आता शांतपणे वाच. हेच यंत्र आणखी अकरा खाणींत चालू आहे. ते वाक्य मी सगळीकडून काढणारच आहे, पण परवानग्या घेत, सावकाश, गाजावाजा न होता. आत्ता बोभाटा झाला तर माझं आयुष्य संपलं, आणि बाबांचंही. त्यांना देव मानणारी एकशे चाळीस घरं आहेत. कंपनीने कागद तयार केला आहे. केबलमध्ये खरोखर बिघाड होता, आणि बाबा जे ओरडले ते जावयाच्या काळजीने भ्रमिष्ट होऊन. त्यावर बाबांची सही हवी. कागद सोबत आहे. तू समजावलंस तर ते ऐकतील. भावोजी काही परत येणार नाहीत.

मला परकं करू नकोस.
तुझा,
बारक्या

६ मे

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

ताईने तुझा कागद माझ्यापुढे टाकला आणि निघून गेली. मी सही करून कंपनीच्या माणसाकडे दिला. काळजी नसावी.

खरं काय ते तुला एकट्याला सांगतो. तेव्हा दार लावल्यावर मी फोन उचलला होता. पलीकडून त्यांनी एकेकाने आपलं नाव सांगितलं. मी काही न बोलता खाली ठेवला. नंतर पस्तीस मिनिटं ऐकत बसलो. दार उघडलं असतं तर बाकीचे एकशे चाळीस गेले असते, असं तेव्हा वाटलं. आता तेही खात्रीने सांगवत नाही. यंत्राला सांगावं असं रोज मनात यायचं, पण ते सगळं कायमचं लिहून ठेवतं म्हणून धीर झाला नाही.

जावई गेला. मुलगी बोलत नाही. निदान तू तरी वाचावास म्हणून सही केली. पत्र फाडून टाक.

प्रकृतीस जप.
बाबा

१४ मे

चि. बारक्यास,
अ. आ.

बाबांनी सही केल्याचं काल चौकशीच्या कारकुनाकडून कळलं. त्यांना मी विचारायला गेले नाही. सही का केली ते कळतं. तू त्यांचं नाव जपलंस, आता ते तुझं जपताहेत. तुमच्या या जपाजपीत खाली उतरणाऱ्याला कुठे जागाच नाही.

मी परवा वायरमनकडे गेले होते. त्या अकरांपैकी एका खाणीत त्याचा मावसभाऊ आहे. वाक्य निघालं का, म्हणून त्याला विचारायला लावलं. तिथे अजून कोणाला काही माहीतच नाही. माणसं रोज तीन पाळ्यांत उतरताहेत. तुझ्या परवानग्या तोपर्यंत सावकाश फिरत असतील.

म्हणून उद्या दहाला मी चौकशीत उभी राहते आहे. तुझं नोव्हेंबरचं पत्र देणार आहे, आणि तीस एप्रिलचंही. याचं तुझ्यावर काय येईल ते मला समजतं. तुला मी कडेवर घेऊन वाढवलंय. पाठीमागून वार केला असं तुला वाटू नये, म्हणून आधी कळवते. बाबांना आज संध्याकाळी सांगेन.

नातेवाइकाचं म्हणणं धरू नये असा नियम तिथेही असला तर बघू. त्या टेकूवाल्या म्हाताऱ्याला बरोबर नेते आहे.

एक गोष्ट ते नक्की विचारतील. पत्र माझ्याकडे कधी आलं, आणि ते वाचून मी काय केलं. मी तारीख खरी सांगणार आहे. आणि हेही सांगणार आहे की मी ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि हसले, आणि त्यावर विश्वास ठेवून माझा नवरा खाली गेला.

ताई