पाव्हण्यांनी आत यायचं न्हाई

शुक्रवार, ९ जानेवारी

पोचलो एकदाचा. पहाडातल्या बोगद्याच्या कामावरून गाड्या बदलत बदलत पुणे, तिथून लोणावळा लोकल. ती घोरावाडीला येऊन जी थांबली ती थांबलीच. एवढ्या लांबून आलो, पण जीव निघाला तो तिथं. पुण्यात स्टेशनबाहेर दाढी उतरवली होती, पोरं घाबरू नयेत म्हणून. तिथंच घोळ झाला.

दारात ओम्या, माझा धाकटा. गेल्या खेपेला धड चालत नव्हता, आता कमरेवर हात.

"सर, बुकिंग हाय का?"

म्हटलं, आरं मी पप्पा.

"पप्पा डोंगरात हायेत. फोनमधी. त्यास्नी दाढी हाय."

घराच्या बाहेरच्या अंगाच्या दोन खोल्या आई आणि बायको मिळून शनिवार-रविवार कार्ल्याची लेणी बघायला येणाऱ्यांना देतात. ओम्या त्यातच वाढला. बॅग घेऊन येईल तो सर, नाहीतर मॅडम. मी बॅग घेऊनच आलो.

आत पाऊल टाकलं तर दोन्ही हात पसरून उंबऱ्यावर आडवा. "पाव्हण्यांनी आत यायचं न्हाई." नियम आईचा. मागं कुणीतरी बूट घालून थेट देव्हाऱ्यापर्यंत गेलं होतं, तेव्हापासूनचा. केला पाव्हण्यांसाठी, लागला मला. बायको सुनीता चौकटीला टेकून हसतेय. मदत शून्य.

सुट्टी बावीसपर्यंत. तेवीसची गाडी. मुकादमानं पहाडात अजून वरच्या अंगाला नवा बोगदा घेतलाय, लांबलचक काम. म्हणाला, तेवीसला निघालास तर जागा तुझी, नाहीतर दुसरा उभा आहे. सु. म्हणते हितंच ऱ्हावा, खोल्या बगा, जीप चालवा. मी हो पण नाही, ना पण नाही. जायच्या आधी या पोरानं एकदा पप्पा म्हणलं पाहिजे, एवढं ठरवलंय. मग पुढचं बघू.

शनिवार, १०

सकाळी सगळ्यांना चहा-भाकर. मला पोहे. वर शेव, बाजूला लिंबाची फोड.

म्हटलं मला पण भाकर दे. रात्रीची शिळी असली तरी चालंल. तीन वर्षं मेसचे तांदूळ खाऊन तोंडाची चव गेलीय.

ओम्या म्हणाला, "पाव्हण्यास्नी पोहेच."

आईला म्हटलं, आये तू तरी सांग. आई म्हणाली, "खा की. गरम हायेत."

दुपारी मुंबईची दोन कुटुंबं आली, खोल्या भरल्या. पोरगं आतल्या खोलीत येऊ देत नाही, बाहेरच्या खोल्या भरलेल्या. संध्याकाळी पडवीत सतरंजी टाकली. ओम्या येऊन उभा.

"सर, फुल हाय आज."

माझ्या घरात. मी बांधलेल्या पडवीत.

रविवार, ११

लाच द्यायची ठरवली. लोणावळ्याला गेलो, गर्दीत अर्धा तास उभा राहून चिक्की घेतली. शेंगदाण्याची, तिळाची, काजूची पण. फज घेतला. ओम्यापुढं ठेवली.

बघितली. उलटीपालटी केली. मग तनूला म्हणाला, "बग. म्या म्हनलं न्हवतं?"

तनू मोठी, पहिलीत आहे. तिनं मला समजावून सांगितलं. "पप्पा, चिक्की आपल्यातलं कुनी खात न्हाई. पाव्हणे जाताना नेतात."

ओम्यानं चिक्कीची पिशवी नेऊन माझ्या बॅगेवर ठेवली. व्यवस्थित. आणि विचारलं, "आता गाडी कदी येनार तुमची?"

मंगळवार, १३

आज डोकं चालवलं. गोठ्यामागं गेलो आणि सु.च्या फोनवर फोन लावला. नुसता आवाज, तोंड दाखवलं नाही.

"पप्पाऽऽ!" असा ओरडला की गोठ्यामागं मला फोनाशिवाय ऐकू आलं. त्या आवाजात मला गेल्या चार दिवसांत एक शब्द मिळाला नाही.

"काय करतोस बाळा?"

"पप्पा, आपल्याकडं एक सर आलेत. जातच न्हाईत."

"चांगलं हायेत का?"

"लय खात्यात. आन् आईच्या मागं मागं फिरत्यात."

म्हटलं, आरं ते चांगलं हायेत, त्यांना आत येऊ दे, त्यांच्याशी खेळ. तर म्हणतो, "तुमी या. तुमी आल्यावर तुमीच सांगा त्यास्नी."

गोठ्यामागून परत आलो तर ओम्या माझ्याकडं बघून हसला. कधी नाही ते. मला वाटलं पाघळला. म्हणाला, "माजं पप्पा येनार हायेत. मंग बगा तुमचं."

मलाच माझी धमकी.

बुधवार, १४

संक्रांत. ओम्यानं तिळगूळ वाटला. आजीच्या हातावर, सु.च्या हातावर, तनूच्या तोंडात, शेजारच्या म्हाताऱ्या आबांच्या टोपीत. मला ताटलीत. चमच्यासकट. आणि पाण्याचा ग्लास.

सु.ला म्हटलं, हसू नको. ती म्हणाली, "हसत न्हाई वो." हसतच होती.

गुरुवार, १५

आईच्या डोक्यातून आलं, पोराला शिरगावला साईबाबांच्या पायावर घालून आणा. चुलतभावाची मोटारसायकल घेतली. पुढं टाकीवर तनू, मागं सु. आणि तिच्या मांडीवर ओम्या. माझ्यापुढं बसला नाहीच.

गुरुवार म्हणजे लाईन ही एवढी. सु. चपला ठेवायला गेली, तनू गारेगारवाल्याकडं. ओम्या माझ्याजवळ. गर्दीत हरवू नये म्हणून मनगट धरलं. तो सोडवायला लागला. मी अजून घट्ट धरलं. मागच्या मावशी बघत होत्या.

"बाळा, हे कोन तुजं?"

"आमच्याकडं ऱ्हायला आलेत."

मावशींनी मला खालून वर बघितलं. "अवो, पोरगं कुनाचं?"

"माजं हाय."

ओम्या म्हणतो, "न्हाई."

झालं. चार माणसं वळली. एकजण म्हणाला, गाव कुठलं तुमचं. मी सांगितलं तर म्हणाला, बोलण्यावरून तर वाटत नाही. एवढे दिवस बाहेरच्या लोकांत राहून माझ्या तोंडात हिंदी बसलीय, ती त्या वेळेलाच बाहेर आली. "अरे भाई, मेरा लडका है" असं म्हणून बसलो! मावळातला माणूस मावळात. आता दहा माणसं.

तनू लांबून बघत होती. तिला हाक मारली. तिनं आधी गारेगार संपवलं. काडी चोखली. मग आली आणि म्हणाली, "व्हय, पप्पाच हायेत आमचे. पन लय दिवसांनी आलेत म्हनून तसं दिसत्यात."

मावशी ओम्याला जवळ घेऊन म्हणाल्या, असं करू नये बाळा. मला काहीच म्हणाल्या नाहीत, पण बघितलं असं की काही म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

शनिवार, १७

पाय खाजायला लागले. आठ दिवस एका जागी बसलो की असं होतं. सकाळी उगीच हायवेपर्यंत चालत गेलो, गाड्या बघितल्या, परत आलो. सु.नं विचारलं कुठं गेलतात, म्हटलं कुठं नाही.

तनूला बोगद्याविषयी सगळं पाहिजे.

"पप्पा, डोंगराला भोक पाडल्यावर आतली माती कुटं टाकता?"

"बाहेर. दरीच्या बाजूला."

"मंग तितं दुसरा डोंगर व्हतो?"

"लहान होतो."

"मंग त्याला पन भोक पाडता?"

"न्हाई."

"का? मोटेपनी पाडनार?"

मी म्हटलं अभ्यास कर. तर म्हणे बोगदा झाल्यावर लोकांना लवकर घरी जाता येतं ना? म्हटलं व्हय. तर म्हणे, "मंग तुमी बोगदावाले का येत न्हाई लवकर?"

उठून गेलो. गुरांना पाणी दाखवलं. सकाळीच दाखवलेलं होतं.

सोमवार, १९

मोठी चूक केली आज.

गोठ्यामागचे फोन रोज चालूच होते. ओम्या दुपारी जेवून फोनापाशी बसून राहायचा. फोनमधल्या माणसाला सगळं सांगायचा. शेळीनं पिल्लू दिलं, दात हलतोय असं वाटतं पण हलत नाही, मधल्या आळीच्या पोरानं ढकललं. मी त्याच घरात दहा पावलांवर, आणि मला हे सगळं फोनवर कळतंय. आज डोकं फिरलं. म्हटलं बास झालं हे नाटक.

फोन लावला आणि बोलत बोलतच गोठ्यामागून पुढं आलो. त्याच्यासमोर येऊन उभा राहिलो. म्हटलं, "हे बघ. मीच बोलतोय. मीच पप्पा."

त्याच्या कानाशी धरलेल्या फोनातून पण माझाच आवाज. ओम्यानं हातातल्या फोनाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, माझ्या हातातल्या फोनाकडं बघितलं. मला वाटलं आता समजलं.

मग जे भोकाड पसरलं. "आज्जेऽऽ! यांनी पप्पांचा फोन चोरला!"

आई शेतातून पळत आली. ओम्या सांगतोय की सरांनी पप्पांना मारलं आणि फोन घेतला. शेजारचे आबा काठी घेऊन आले. त्यांना माहीत आहे मी कोण, तरी आले.

रात्री पोरगं जेवलं नाही. सु.चा फोन उशाशी घेऊन बसलं. आता मी फोन केला तर खोटा, नाही केला तर पप्पा गेले. दोन्हीकडून अडकलो.

बुधवार, २१

मुकादमाचा फोन. "कल निकल रहा है ना?" म्हटलं परवा. "पक्का?" म्हटलं पक्का. सवयीनं तोंडातून निघून गेलं.

सु.नं ऐकलं. भांडी घासत होती, आवाज वाढला भांड्यांचा. मग म्हणाली, "जावा. म्या काय आडवी पडनार न्हाई."

म्हटलं, राहून तरी काय करू? पोरगं चोर म्हणतंय.

"मंग फोनमदल्याला का न्हाई म्हनत?"

"त्याला काय माहीत."

"त्याला सगळं म्हाईत हाय. फोनमदला बाप रोज येतो. त्यो न येता ऱ्हात न्हाई. तुमी तीन वर्सांतनं पंधरा दीस आलाय आन् म्हनताय मला आत घ्या."

यावर मी काहीतरी जोरात बोललो. काय ते लिहीत नाही. खरं तिचंच आहे, पण असं तोंडावर मारायचं असतं का.

आईनं लाडू बांधायला घेतलेत. म्हणजे तिनं जाणं धरूनच ठेवलंय.

गुरुवार, २२

सकाळपासून बॅग भरतोय, भरून होत नाही. भरतो, काढतो. आई फाट्यावर पावटा विकायला बसलीय. सु. बचत गटाच्या मीटिंगला. तनू शाळेत. घरात ओम्या आणि मी. बोलणं बंद आहे. तो दारात उभा राहून बघत होता, मी अजून काय काय घेतो ते.

मग दिसेना. थोड्या वेळानं अंगणाच्या कडेच्या संडासातून आवाज.

"आयेऽऽ, झालीऽऽ."

आई कुठाय त्याची.

"आज्जेऽऽ, झालीऽऽ."

मी हातातला शर्ट तसाच धरून उभा.

"तनेऽऽ." मग, "कुनी हाय का?"

दारापाशी गेलो. "मी हाय."

"तुमी नको."

"बरं."

आत पाण्याचा मग पडल्याचा आवाज.

"आई कदी येनार?"

"उशीर हाय तिला."

"पाय दुकाया लागलं माजं."

"मंग मी येऊ का?"

आत बराच विचार चालला असावा. मग कडी सरकली, दार बोटभर उघडलं. "सर, या. पन कुनाला सांगायचं न्हाई."

गेलो. पहिल्या मगालाच असा ओरडला! "गार हाय! आई गरम घालती! आन् असं न्हाई, मागनं! मागनं! कदी धुतलं न्हाई का तुमी कुनाला?" सगळ्या आळीला ऐकू गेलं असणार. शनिवार-रविवारच्या एकाही सरावर हे पोरगं असं ओरडलेलं मी ऐकलं नाही. त्यांना तो पाण्याचा ग्लास नेऊन देतो.

खरं सांगायचं तर मी ह्याला असं कधीच धुतलं नव्हतं.

अंगणात उन्हात उभा केला, चड्डी घालायला घेतली. उलटी गेली. काढली. तेवढ्यात आत माझा फोन. ह्या वेळेला मुकादमच.

"कुनाचा हाय?"

"मुकादमाचा."

"पप्पांचा न्हाई?"

"न्हाई."

"मंग वाजू द्या. आदी चड्डी."

तोल जाईल म्हणून त्यानं दोन्ही हातांनी माझी मान धरली आणि एक पाय उचलला. गेला बरोबर. दुसरा पायपण त्याच भोकात. परत काढली. फोन वाजून थांबला, परत वाजायला लागला. ओम्या मान सोडत नाही. कानाशी तोंड आणून म्हणतो, "नीट घाला की वो. किती वेळ उबं ऱ्हायचं मानसानं."