रामाजींचं कार्ड

८ सप्टेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. वाचनालयात कॉम्प्युटरवाली मुलगी आली आहे. पुढे काही बिघडलं तर दोष कोणाचा होता, ते कुठेतरी लिहून असावं.

मुलीचं नाव मयुरी. सावंगीहून स्कूटीवर येते. आमच्या पिपरीच्या वाचनालयाचं जुनं सॉफ्टवेअर बंद करून नवं बसवणार. जुन्यातला डेटा, म्हणजे पुस्तकं, सभासद, कोणी काय नेलं ते सगळं, उचलून नव्यात ठेवणार. जुन्या डेटाला कोणी हात लावायचा नाही, म्हणाली. तो डेटा आमच्या ह्यांनी भरला. रामाजी, इथले लिपिक. दोन बोटांनी एकेक पुस्तक टाइप केलं. ते गेल्यावर त्यांची खुर्ची कमिटीनं मला दिली. मयुरी आज येऊन त्याच खुर्चीवर बसली. या वयात पोरीसोरींवर जळायचं नाही, असं ठरवलं आहे.

संध्याकाळी अध्यक्ष पुंडलिकराव आले. म्हणाले, पंधरा ऑक्टोबरले, वाचन प्रेरणा दिनाले, नव्या सॉफ्टवेअरचं उद्घाटन करू. आजवर सगळ्यात जास्त पुस्तकं कोणी नेली ते कॉम्प्युटरच जुन्या डेटातून सांगीन, त्याले शाल देऊ.

मी चौथी शिकलेली. पुढचं सगळं वाचन ह्यांचा डबा घेऊन यायचे तेव्हा कपाटापाशी उभ्यानं झालं, आणि हे गेल्यापासून बसून. शाल माझीच.

९ सप्टेंबर
मोरपंखी साडी उन्हात टाकली.
शंका फक्त मंजुषाताईंची. निवृत्त मुख्याध्यापिका, सिंदी मेघेला बंगला. दर आठवड्याला दोन जाड पुस्तकं नेतात आणि परत देताना त्यात काय चुकलं ते मला सांगतात, जसं काही मीच लिहिलं. मला त्यांचा हेवा वाटत नाही. एवढं जाड पुस्तक आठ दिवसांत होतं यावर विश्वास बसत नाही, इतकंच.

आज आलेलं पुस्तक उघडून पाहिलं. वाचलेलं दिसलं. शेवटच्या पानाला हळद लागली आहे, म्हणजे स्वयंपाक करताकरता वाचतात. पुस्तकाची हेळसांड.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
आज बरं झालं. म्हणजे वाईट झालं.
मयुरीनं जुना डेटा नव्या मशीनवर उघडला आणि सगळं मराठी जाऊन इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला. जुना फॉन्ट होता म्हणे, नव्याला तो कळत नाही. पुंडलिकरावांनी घाम पुसला. मी शांतपणे पुढे झाले आणि वाचायला लागले. जे के ई के टी एच म्हणजे रामाजी. ह्यांच्या मागे उभी राहून ते कोणतं बटण दाबतात हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. पुंडलिकराव म्हणाले, वहिनी, तुम्ही तं कमालच करून राह्यल्या.

योजना: मी एकेक पुस्तक वाचून दाखवीन, मयुरी टाइप करील. दिवाळी सहज उलटेल. तोवर माझ्यावाचून कोणाचं पान हलणार नाही.

१३ सप्टेंबर
चष्मा पुसून, घसा साफ करून गेले. मयुरी म्हणाली, काकू, बसा न, टेन्शन नका घेऊ, त्याचा कन्व्हर्टर भेटते. मी चहा ठेवला. चहा उतू जायच्या आत सगळं मराठी झालं होतं.

चहा तिला दिला. साखर कमी टाकली. मुद्दाम नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार
मयुरी मंजुषाताईंना मॅम म्हणते. मला काकू. ताईंनी तिला पूर्वी सातवीत शिकवलं होतं असं निघालं. दोघी अर्धा तास हसत होत्या. म्हणजे पुस्तकं मोजणार कॉम्प्युटर, पण कॉम्प्युटर चालवणारी ताईंची विद्यार्थिनी. मी कोणावर संशय घेत नाही.

ठराव: मयुरीला आपलंसं करायचं. उद्या कोथिंबीर आणून सांबारवडी.

१७ सप्टेंबर
सांबारवडी नेली. ताईंनी पुरणपोळी आणली होती. मयुरीनं दोन्ही खाल्लं, पण पोळीला डोळे मिटले.

२० सप्टेंबर, शनिवार
आज सभासद साफ केले. मयुरी म्हणाली, जुना कचरा नव्यात न्यायचा नाई. जे गाव सोडून गेले, जे वारले, त्यांचं कार्ड बंद. ती नाव वाचे, मी सांगे. हे अमरावतीला मुलाकडे. हे वारले. ही लग्न होऊन गेली. मन जड झालं, पण काम नीट केलं.

मग ती म्हणाली, रामाजी. आणि लगेच स्वतःच म्हणाली, हे चालू आहेत न, परवाच पुस्तक नेलं त्यांनी. आणि पुढच्या नावावर गेली.

तिनं विचारलं नाही. मी सांगितलं नाही. यात खोटं काही नाही. ह्यांचा हार घातलेला फोटो बरोबर तिच्या पाठीमागे भिंतीवर आहे, नावासकट. तिनं मान वळवली असती तर कळलं असतं.

एका कार्डावर दोनच पुस्तकं मिळतात. मला दोन पुरत नाहीत. म्हणून ह्यांच्या कार्डावरही घेते. सगळं गाव असंच करतं. सून सासूच्या कार्डावर नेते, बाप पोराच्या. आणि खरं तर हात आधी ह्यांच्याच कार्डाकडे जातो. पाच वर्षं झाली, सवय आहे. त्यांचं भरलं की मग माझं.

२ ऑक्टोबर
दीक्षाभूमीला जाऊन आले. पाय दुखले, मन हलकं झालं. पुस्तकांच्या स्टॉलवरून तीन पुस्तकं घेतली. विकत घेतलेलं पुस्तक कॉम्प्युटर मोजत नाही. हा अन्याय कोणाच्या लक्षात आलेला नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार
सगळा डेटा नव्यात गेला. मयुरीनं चाचणी म्हणून आजवरच्या वाचकांची यादी काढली. मी पदर सावरून बसले.

पहिले, रामाजी.
दुसऱ्या मंजुषाताई.
तिसऱ्या पुंडलिकरावांच्या आई. म्हातारीला दिसत नाही. सगळ्या रहस्यकथा.
चौथी मी.

तोंडाला चव नाही. ताईंचं मी सहन केलं असतं. पण हे? ज्यांनी हयातीत पेपरातला कापसाचा भाव सोडून काही वाचलं नाही? दुसऱ्या पानावर घोरायला लागायचे. मी एखादी गोष्ट सांगायला घेतली की म्हणायचे, शेवट सांगून टाक, झोप येऊन राह्यली. आणि ते पहिले. पुस्तकं मी वाचली, डोळे माझे गेले, नाव त्यांचं. संसारातही असंच होतं.

त्यांच्या फोटोची धूळ आज पुसली नाही.

८ ऑक्टोबर
मयुरीनं मान वळवली. खुर्ची सरकवताना. फोटो पाहिला, नाव वाचलं, स्क्रीन पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, काकू, हे सगळं तुम्हीच वाचलं न? मी म्हटलं, मंग का ते येऊन वाचतीन?

ती हसली नाही. म्हणाली, दोन्ही कार्डं एक करता येतात. त्यांचं सगळं वाचन तुमच्या नावावर येईन, तुम्ही सरळ एक नंबर. फक्त त्यांचं कार्ड मंग राहणार नाई. अन् एकदा केलं का वापस नाई होत. सोमवारपर्यंत सांगजा.

सांगायचं काय त्यात. करून टाक म्हणणार. माझा हक्क आहे.

१० ऑक्टोबर
साडीला इस्त्री. सत्काराला उत्तर म्हणून दोन शब्द पाठ केले. त्यात मंजुषाताईंचाही मोठ्या मनानं उल्लेख आहे.

१३ ऑक्टोबर, सोमवार
मयुरीनं दोन्ही कार्डं शेजारीशेजारी उघडली. डावीकडे ते, उजवीकडे मी. विचारलं, करू काय? मी म्हटलं, थांब, आधी चहा ठेवते. चहा झाला. पुन्हा विचारलं. म्हटलं, कप विसळून येते. मग वाचनालय बंद करायची वेळ झाली.

उद्या नक्की.

१४ ऑक्टोबर
नको म्हणून सांगितलं.
कारण लिहून ठेवते, म्हणजे गैरसमज नको. जुन्या डेटाला हात लावू नये, असं मयुरी स्वतःच पहिल्या दिवशी म्हणाली होती. मी फक्त नियम पाळला. बाकी काही नाही. कार्ड बंद झालं असतं तर मला काय फरक पडणार होता? घरात त्यांचा चष्मा आहे, चपला आहेत. वाचनालयात मात्र ते अजून येतात, पुस्तक नेतात, उशीर करतात. ते मध्येच बंद करायचं म्हणजे त्यांना पुन्हा एकदा घरी बसवायचं. असो.

मयुरी म्हणाली, बरं काकू. आणि त्यांच्या नावापुढे चालू असं ठेवून दिलं.

मग पुंडलिकरावांनी यादी पाहिली. पहिलं नाव पाहून म्हणाले, आपले रामाजी? मयुरीनं फोटो दाखवला. त्यांनी हात जोडले. मग तिसरं नाव पाहिलं आणि कान लाल झाले. घाईघाईनं म्हणाले, जे गेले अन् जे लई म्हातारे झाले, त्यांले सोडून द्या, बाकीच्यांले संधी भेटली पाह्यजे.

म्हणजे पहिल्या मंजुषाताई. पण दुसरी मी. मोठ्या स्पर्धेत दुसरं येणं पहिल्यापेक्षा अवघड असतं. भाषणातले दोन शब्द एका शब्दावर आणले.

१५ ऑक्टोबर, बुधवार
दुसऱ्याला काही नव्हतं. मोरपंखी साडी पाहून पुंडलिकराव म्हणाले, वाहवा, वहिनी, तुम्ही शालीचं ताट धरा. धरलं. माझ्याच हातातून उचलून शाल ताईंच्या खांद्यावर गेली.

ताई बोलायला उभ्या राहिल्या. मयुरीनं त्यांना रामाजींच्या पुस्तकांची यादी दाखवली असावी, तारखा दाखवल्या की नाही माहीत नाही. ताई म्हणाल्या, ही शाल माझी नाही. माझ्यापुढे या वाचनालयात एकच माणूस होता आणि तो कधी बोलला नाही. टेबलामागे बसून लोकांना पुस्तकं देत राहिला आणि आपण गुपचूप सगळं वाचत गेला. असा वाचक पुन्हा होणार नाही. मग त्यांनी रामाजींनी वाचलेल्या एकेका पुस्तकाचं नाव घेतलं. आमचे आयुष्यभर कपाटाला टेकून डुलक्या काढलेले हे भिंतीवरून पाहत होते.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताट खाली ठेवून मीही वाजवल्या.

चहाच्या वेळी बायका जवळ आल्या. म्हणाल्या, सुलोचनाबाई, रामाजी एवढे वाचत होते, कधी समजू नाई दिलं. मी म्हटलं, हो, घरीसुद्धा बोलायचे नाहीत.

मयुरी दारात स्कूटीची किल्ली घेऊन उभी होती. माझ्याकडे पाहून तिनं तोंड उघडलं. मी मानेनंच नको म्हटलं. तिनं मिटलं.

जाताना मंजुषाताई माझ्यापाशी थांबल्या. माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, सुलोचना, एवढा मोठा वाचक घरात होता, तूही त्यांनी वाचलेलं एखादं वाचून बघ. सोपं देईन मी तुला काढून.

म्हटलं, बघते ताई, वेळ मिळाला तर.