नातजावयाचा रोहू

चिकलठाणा, १२ जुलै २०१६

ती. भागूअक्कास,
बन्सीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुझा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो, म्हणून पत्र. शिवाय जन्मभर पोरांना कविता शिकवलेल्या माणसाला कागदाशिवाय सुचत नाही. इथं आता शेत औषधालाही उरलं नाही. डोक्यावरून विमान जातं आणि मला आपल्या काठावरचे बगळे दिसतात.

काम असं, की आपली श्रेया लग्नानंतर प्रथमच आखाडाला माहेरी आलीय. नातजावई एकतीस तारखेला न्यायला येतील. नाथसागराचा रोहू, तोही गाभोळीचा, पोट अंड्यांनी गच्च भरलेला, असा खिलवीन म्हणून मी त्यांना भर मांडवात शब्द देऊन बसलोय. सुदर्शनला सांगून दोन मोठे पाठव. सून विचारते, मामंजी असले शब्द कुणाच्या जिवावर देतात. तुझ्याच, अक्का.

लोभ आहेच, तो मासळीसकट यावा.
तुझा बन्सी

पैठण, १८ जुलै

चि. बन्सीस अक्काचे आशीर्वाद.

अक्षर अजून मोत्यावाणी हाय, अक्कल तेवढी मागं राहिली. रोहू मिळायचा नाय. रुसू नको, ऐक.

तीन साल पाण्यानं दगा दिला. धरणाचा तळ उघडा पडला. उरलंसुरलं पाणी एका डोहात, अन् मोठी मासळी बी तिथंच. नुसता हात घातला तरी घावते, म्हणून तर भीती. नवं पाणी आलं की माद्या अंडी सोडतील. ह्या माद्या गेल्या तर पुढं जाळ्यात काय येणार, असं तुझा भाचा सुदर्शन इचारतो. त्यानं अन् समद्या भोई मंडळींनी खंडोबापुढं भंडारा उचललाय, पोळ्यापर्यंत जाळं टाकायचं नाय. घरात रोज बेसन शिजतंय. तुझ्या एका शब्दापायी मी लेकाला शपथ मोडायला लावू व्हय?

कोंबडा धाडते. अंगणात दाणे टिपून वाढलाय, दवा-सुईचा नाय.

माया हाय, म्हणून बोलते.
अक्का

चिकलठाणा, १ ऑगस्ट

ती. अक्कास सा. न. वि. वि.

खरं सांगतो, मी रुसलो होतो. सुदर्शन कोंबडा घेऊन आला, त्याच्याशीही धड बोललो नाही. शनिवारी पिशवी घेऊन गुपचूप क्रांती चौकापलीकडं मासळी बघायला गेलो. एकाकडं रोहू होता, पोट हे एवढं. कुठला म्हणून विचारलं, तर छाती फुगवून म्हणाला, खास नाथसागरचा, डोहातला, बंदी असताना काढलेला.

अक्का, तुम्ही बेसन खाऊन जपलेला मासा, आणि चोराचं गिऱ्हाईक मी! रिकामी पिशवी घेऊन परतलो. पण तो मासा दुसऱ्या कुणी नेला असेलच, ते खुपतंय. सुदर्शनच्या कानावर घाल.

पंगतीत सगळं कबूल केलं. नातजावयांनी रश्श्यात भाकरी कुस्करत हळूच सांगितलं, की त्यांना काट्यांची लहानपणापासून धास्ती आहे. मांडवात माझा उत्साह बघून मान हलवली होती! श्रेयाला हसून हसून ठसका लागला. कोंबड्याचं हाडसुद्धा उरलं नाही.

रागावली असशील तर तसं लिही, पण लिही.
बन्सी

पैठण, १२ सप्टेंबर

चि. बन्सीस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं अन् सुदर्शननं डोहावर पहारा बसवला. चोर आपल्यातलाच निघाला, कडुबा. घरात काही नव्हतं म्हणून रडला. मंडळींनी बोल लावले, दोन पायल्या ज्वारी दिली, अन् पहाऱ्यालाच बसवलं. मग नाशिककडचं पाणी आलं अन् डोह धरणात मिसळला. तोवर त्याच्याइतका कडक राखणदार दुसरा नव्हता.

पोळा झाला, जाळी पडली. सुदर्शननं मोठ्या भोकाचं घेतलंय, लहान मासळी निसटून जावी म्हणून. यंदा हाती लई थोडं, पण बेसन सुटलं. तू इथं येऊन बघ.

काल काठाला पाय धुवायला उतरले. करंगळीएवढी पिल्लं, इतकी की पाणीच काळं दिसावं. घोट्याला टोचे मारत व्हती. पुढं पाऊल टाकायचा धीर होईना. कुणी पायाखाली आलं तर? सुदर्शन हाका मारत व्हता, अन् मी आपली दोन्ही हातांत लुगडं धरून तशीच उभी.

मायेत खंड नाय, तू पत्रात पाडू नको.
अक्का