दुकानातली ताई

आई,

हे तुला देण्याचं धाडस होणार नाही, तरी लिहितेय.

कॉलेज सुटल्यावर करायला गावातल्या रोपवाटिकेत काम मिळत होतं. पण तिथं मैत्रिणींनी पाहिलं असतं. म्हणून तुला क्लास लावल्याचं सांगितलं आणि आळेफाट्याला साडीच्या दुकानात लागले. इथं मला कोण ओळखणार, असं वाटलं. लग्नसराईत अख्खा तालुका बस्त्याला इथंच येतो, हे डोक्यातच आलं नाही.

आज आत्या आदेशदादाचा बस्ता बांधायला आली, सोबत भावकीतल्या बायका आणि तू. मी घाईघाईनं धुळीसाठी लावलेला मास्क वर ओढला.

आत्या म्हणाली, "हर्षालीला नाय आणलं?"

तू माझ्या हातांकडं बघत म्हणालीस, "तिचा क्लास हाय. लई अभ्यास करती."

मी मान खाली घालून साड्या उलगडत राहिले. निघताना तू गादीपाशी मागं थांबलीस.

"ताई, कवाच्या राबताय तुमी. जेवलात का?"

आत्या दारातच होती. मी म्हणाले, "हो, काकू."

तू बांधून दिलेला डबा समोर आहे, आई. उघडायला हात धजत नाही.

तुझीच लेक,
हर्षाली